भिंतीपलीकडचा कर्णा

पोलादपूरला नर्स म्हणून माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. माझ्या कामाला वेगळी जागा नव्हती, म्हणून एका कौलारू घराचा अर्धा भाग भाड्याने घेतलेला होता. पुढच्या खोलीत तपासणी आणि मागच्या खोलीत माझं बिऱ्हाड. घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात लाऊडस्पीकरवाला राहायचा. मध्ये मातीची भिंत, आणि तीसुद्धा आढ्यापर्यंत गेलेली नव्हती. वर दोन हात मोकळी जागा. त्यांच्याकडे मासळी तळली की वास आधी माझ्याकडे यायचा.

पहिल्याच सकाळी मी स्टोव्हवर चहा ठेवला होता. आठ वाजता भिंतीपलीकडून खरखर ऐकू आली, मग ‘हॅलो, हॅलो, चेक’ असं तीनदा झालं, आणि मग लग्नातलं एक गाणं एवढ्या मोठ्याने लागलं की कपाटातल्या औषधाच्या बाटल्या एकमेकींवर वाजायला लागल्या. मला वाटलं, शेजारी लग्न असेल. बाहेर जुलैचा पाऊस कोसळत होता. जुलैत कुणाचं लग्न, हे माझ्या लक्षात यायला अर्धा तास लागला.

दोन दिवस कानात कापूस घालून काढले. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या ओटीवर जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते मनात घोकून गेले होते. लाऊडस्पीकरवाले चाळिशीचे, शिडशिडीत गृहस्थ. मुंबईत एका वायरमनच्या हाताखाली बारा वर्षं काढून गावी परत आलेले. मला बघताच त्यांनी आवाज कमी केला, आतून खुर्ची आणवली आणि विचारलं, “बोला सिस्टर, कुठलं लावू?”

गावात बाकी सगळे मला नर्सबाई म्हणायचे. सिस्टर म्हणणारे ते एकटेच. मी म्हटलं, गाणं नको, आवाज जरा कमी करा. त्यांना वाईट वाटलं नाही. त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि तेही फार आस्थेने. आवाज वाढवणारं मशीन व्हॉल्व्हचं, म्हणजे आत तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचं होतं. पोलादपूरच्या पावसात चामड्याच्या चपलेला चार दिवसांत बुरशी धरते, तिथे मशीनचं काय होणार. रोज दोन-तीन तास चालवलं तर आतला भाग गरम राहतो आणि ओल धरत नाही. बरं, चालवायचं तर मग नीटच चालवायचं, म्हणजे खरखर कुठून येते ते कळतं. पावसाळ्यात ओलीसाठी आणि उन्हाळ्यात धंद्यासाठी, असं त्यांचं बारा महिन्यांचं गणित होतं. त्यांच्या बायकोने चहा आणला. जाताना ती हळूच म्हणाली, “माझंच आयकत नाय, तर तुमचं काय आयकणार हायत?”

मला झोपेची फिकीर नव्हती. त्या वयात कुठेही झोप लागते. अडचण मंगळवारची होती. मंगळवारी मी गरोदर बायांना तपासायची. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायला आमच्याकडे ॲल्युमिनियमचं छोटं नरसाळं असायचं. त्याचं रुंद तोंड पोटावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि श्वास रोखून ऐकायचं. ठोके फार बारीक असतात. बाहेर कुत्रं भुंकलं तरी चुकतात. आणि इथे भिंतीपलीकडे सनई-चौघडा.

खरं तर पहिले काही मंगळवार तपासायलाच कोणी नव्हतं. नसबंदीच्या मोहिमेला फार दिवस झाले नव्हते, आणि सरकारी नर्स म्हटलं की डोंगरातल्या वाड्यांवरच्या बाया पदर सावरून दुसऱ्या बाजूने निघून जात. पोरं तपासायचं निमित्त करून ही आपल्याला ऑपरेशनला धरून नेईल, अशी त्यांची धास्ती. मी वाड्यांवर जाऊन सांगून यायची. बाया मान डोलवायच्या, पाणी द्यायच्या आणि मंगळवारी यायच्या नाहीत.

श्रावण संपताना एका मंगळवारी मी दार उघडून बसले होते. लाकडाच्या मोळ्या घेऊन बाजाराला चाललेल्या चार बाया शेजारच्या ओटीशी थांबल्या. मोळ्या उतरवून गाणी ऐकत बसल्या. एकीचे दिवस भरत आलेले दिसत होते. पावसाची सर आली तशा त्या सरकत सरकत माझ्या दारापर्यंत आल्या. मी म्हटलं, आत या. त्या आत आल्या. मी काहीच विचारलं नाही, त्यांना नुसतं बसू दिलं. पुढच्या मंगळवारी त्याच चौघी आणखी तिघींना घेऊन आल्या, आणि मग त्या पोटुशीने आपण होऊन विचारलं, “माझं पोट बघतंस काय गो बाय?”

मला वाटलं, माझ्या वाड्यांवरच्या फेऱ्या कामी आल्या. दिवाळीच्या आधी एकदा लाऊडस्पीकरवाले कुठेतरी बाहेरगावी गेले होते. त्या मंगळवारी दोनच बाया आल्या, त्याही दारातूनच परतायला लागल्या. त्यातल्या म्हातारीला मी कारण विचारलं. ती म्हणाली, “आज गाणी नायत ना. आमी गाणी आयकाया येतो, मग आलोच हाव तर तुज्याकडं बसतो.”

हे ऐकून मी खूप वेळ एकटीच हसत होते. ज्या आवाजाला मी चार महिने शिव्या घातल्या, तोच माझ्या दारात माणसं आणत होता.

त्या संध्याकाळी मी पुन्हा त्यांच्या ओटीवर गेले. या वेळी म्हटलं, मंगळवारी सकाळी गाणी लावाच, पण दहा वाजता बंद करा, तपासणी होईपर्यंत. आपलं मशीन आपण कुणाच्या सांगण्यावरून बंद करायचं, हे त्यांना नवीन होतं. शेवटी म्हणाले, दहा-बिहा कळत नाही, गाण्यात असलो की घड्याळ दिसत नाही. तेव्हा असं ठरलं की तपासणी सुरू करताना मी अंगणातल्या दोरीवर पांढरा पंचा टाकायचा. तो दिसला की ते मशीन बंद करतील आणि पंचा काढला की पुन्हा लावतील.

हे चांगलं चाललं. इतकं चांगलं की त्यांना त्यात गोडी वाटायला लागली. पंचा दिसला की ते गाणं थांबवून माईकवर सांगत, “बायांनो, आता आत चला, सिस्टर तपासणार हायत. कोणी बडबड करू नका.” मग स्वतः पायरीवर विडी ओढत बसत आणि रस्त्याने जाणाऱ्यांनाही हळू बोलायला लावत. त्या शांततेत मी पाच-सहा जणींची पोटं ऐकून घ्यायची. काही बायांना ती शांतता आवडायची नाही. लवकर आटप, म्हणायच्या, अर्धं गाणं राहिलंय.

मार्गशीर्ष लागला, लग्नं सुरू झाली. लाऊडस्पीकरवाल्यांचा नवा कर्णा महाडहून आला होता आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या लग्नाचं बोलावणं होतं. कर्णा आला तो दिवस मंगळवार होता. कर्णा कसा वाजतो ते बघायला दहा-पंधरा माणसं जमलेली. कुणीतरी नवी तबकडी आणून दिली होती, ती लावली होती. आवाज म्हणजे काय आवाज! मी पंचा टाकला. त्यांनी पाहिला असेलही, पण त्या गर्दीत ते काही थांबले नाहीत.

माझ्यासमोर वरच्या एका वाडीची सून झोपलेली होती. पहिलटकरीण, अठरा-एकोणीस वर्षांची. नवरा मुंबईला. सोबत सासू. सासूच्या हिशोबाने सातवा महिना सरत आला होता, पण पोट नववा भरल्यासारखं. मी हाताने चाचपलं तर खाली एक डोकं लागलं, आणि वर उजवीकडे तसंच काहीतरी कठीण. जुळं असावं असं वाटलं. पण तेव्हा मला अनुभव किती? खात्री करायला दोन जागी दोन वेगळे ठोके ऐकू यायला हवे होते. मी नरसाळ्याला कान लावला. कानात नुसता ढोल.

मी सासूला पाठवलं. ती परत येऊन म्हणाली, पाच मिनिटं थांबा म्हणतात. मी थांबले. मग त्यांच्या बायकोला भिंतीवरून हाक मारून सांगितलं. तिचाही निरोप तोच, पाच मिनिटं. पोरगी पाठीवर झोपून झोपून घामेजली होती. मी उठले, शेजारच्या ओटीवर गेले, माणसांतून वाट काढली आणि भिंतीतून वायर उपटली.

मला फक्त वीज तोडायची होती. पण वायरीला हिसका बसला, तबकडीची पेटी हलली आणि सुई नव्या कोऱ्या तबकडीवरून आडवी गेली. फाटल्यासारखा एक आवाज झाला आणि सगळं गप्प. सगळे माझ्याकडे बघत होते. लाऊडस्पीकरवाल्यांनी तबकडी उचलली, उजेडात तिरकी धरून पाहिली.

“हे बरं नाय केलंत,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही.

मी परत आले, दार लावलं आणि कान लावला. डाव्या अंगाला खाली एक ठोका, स्वच्छ. घड्याळ समोर ठेवून मोजला. मग उजवीकडे वर सरकले. बराच वेळ काही नाही. मग लागला, दुसरा, पहिल्यापेक्षा घाईत चाललेला. तो पुन्हा मोजला, मग पुन्हा खाली येऊन पहिला मोजला. दोन वेगळे आकडे.

सासूला मी बाहेर नेऊन सांगितलं की जुळं आहे, बाळंतपण घरी नको, महाडच्या दवाखान्यात न्यायला हवं. ती ऐकेना. त्यांच्याकडे आजवर कोणी बाळंतपणाला महाडला गेलं नव्हतं. मी तिचा हात धरून त्या दोन जागा तिला दाखवल्या, नरसाळं तिच्या कानाला लावलं. तिला काही ऐकू आलं की नाही कुणास ठाऊक, पण तिने ‘बरं’ म्हटलं. त्यानंतर मी दर आठ-दहा दिवसांनी त्यांच्या वाडीवर जाऊन तिला बघून येत होते.

शेजार मात्र थंड झाला. लाऊडस्पीकरवाल्यांनी भांडण काढलं नाही, तक्रार केली नाही. त्यांनी मंगळवारी मशीन लावणंच बंद केलं. माझी गाठ पडली की मान खाली घालून म्हणायचे, “काय नर्सबाई.” सिस्टर गेलं आणि नर्सबाई आलं. मला ते फार लागलं. महाडच्या बाजारात जाऊन मी तीच तबकडी शोधली, ती मिळाली नाही. दुकानदाराने सांगितली ती दुसरीच घेऊन आले आणि त्यांच्या बायकोकडे दिली. तिने ती ठेवून घेतली, पण ती वाजलेली मी ऐकली नाही. मंगळवारी बाया येत होत्या, कमी झाल्या होत्या. म्हातारी मला म्हणाली, “तुमी भांडलांव तर भांडलांव, पन आमची गाणी कशापायी बंद?”

माघात एक दिवस सकाळी नऊच्या सुमाराला त्या वाडीचे दोघे जण धावत माझ्या दारात आले. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या, दिवस भरायच्या आधीच. डोलीत घालून तिला रस्त्यापर्यंत आणलं होतं आणि सासूजवळ ठेवून ते पुढे आले होते. एस.टी.ला तासाभराचा अवकाश होता. तेवढा वेळ थांबणं मला बरं वाटत नव्हतं.

शेजारच्या दारात जीप उभी होती. लग्नाची. लाऊडस्पीकरवाले कर्णे, खांब, पेट्या बांधून झाल्यावर शेवटची दोरी आवळत होते. दीड महिना आम्ही धड बोललो नव्हतो. मी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, “दादा, एकीला बाळंतपणाला महाडला न्यायचंय. गाडी पाहिजे.”

त्यांनी दोरी धरूनच विचारलं, “कोण? वरच्या वाडीची? तीच ती?”

“तीच.”

त्यांनी आवळलेली दोरी सोडली. त्या दोन वाडीकऱ्यांच्या मदतीने सगळं सामान दहा मिनिटांत रस्त्याच्या कडेला उतरलं. ड्रायव्हर कुरकुरला की लग्नाचा मुहूर्त जाईल, नवरीचा बाप ऐकून घेणार नाही. ते म्हणाले, बापाला मी बघतो, तू म्हाड गाठ. मागच्या बाजूला त्यांच्या बायकोने गोधडी आणून पसरली. आम्ही निघालो तेव्हा ते आपल्या पेट्यांवर बसून विडी पेटवत होते.

वाटेत सासू-सुनेला गाडीत घेतलं. महाडला पोचून तासाभरात पहिली मुलगी झाली, मग थोड्या वेळाने दुसरी. दुसरी उलटी होती, पायाकडून आली. डॉक्टरांनी आणि तिथल्या जुन्या नर्सने तिला कसं काढलं ते मी जवळ उभी राहून पाहिलं, आणि त्या एका दिवसात जेवढी शिकले तेवढी पूर्ण ट्रेनिंगमध्ये शिकले नव्हते. वाडीत ते झालं असतं तर काय, हा विचार मी केला नाही, पण सासूने केला असावा. ती व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही नाती जगल्या. चार-चार पौंडांच्या होत्या, पण चिवट.

जीप परत गेली, सामान पुन्हा चढलं, लग्न मुहूर्ताशिवायच्या मुहूर्तावर लागलं, असं मला मागून कळलं. नवरीच्या बापाने तोंडसुख घेतलं म्हणे. पण जुळ्यांची हकीकत ऐकल्यावर तोच पाहुण्यांना ती सांगत सुटला. पुढच्या मंगळवारी सकाळी आठ वाजता भिंतीपलीकडे खरखर झाली आणि मी महाडहून आणलेली तबकडी वाजली. मी दहा वाजता पंचा टाकला, गाणं थांबलं. आमचं त्यावर काही बोलणं झालं नाही.

बोलणं झालं ते एप्रिलमध्ये, आणि ते माझ्या माहेरी. माझं माहेर तुडीलचं. जयंतीला मी दोन दिवसांची रजा काढून घरी गेले, तर आमच्या बौद्धवाडीतल्या आंब्यावर चढून ओळखीचे शिडशिडीत गृहस्थ कर्णा बांधत होते. मंडळाने त्यांना बोलावलं होतं, हे मला माहीत नव्हतं आणि वाडी माझी आहे हे त्यांना. रात्रीचा कार्यक्रम उरकून सकाळी निघायचं, म्हणून दुपारी आईने त्यांना जेवायला बोलावलं. तोवर वरच्या जातीचं, वाडीबाहेरचं कोणी कामाला आलं की आमच्याकडे चहाच तेवढा घ्यायचं, क्वचित तोही नको म्हणायचं. आई विचारायला थोडी बिचकत होती. ते सरळ हातपाय धुऊन पाटावर बसले. तांदळाची भाकरी, सावित्रीची मासळी, कांदा. त्यांनी दोनदा कालवण मागून घेतलं.

आईने विचारलं, “पोर नीट राहते ना तिकडे? शेजाराला त्रास देत नाही ना?”

“शेजार चांगला हाय,” ते म्हणाले. “हात तेवढा आगाऊ हाय.”

मग त्यांनी वायरीची सगळी गोष्ट आईला सांगितली, माझ्यासमोर, रंगवून. मी मान खाली घालून वाढत होते. आई हसत हसत डोळे पुसत होती. सांगून झाल्यावर ते मला म्हणाले, “सिस्टर, एक इचारू? त्या नरसाळ्यात आयकाया काय येतं?”

मी म्हटलं, “उशीखाली मनगटी घड्याळ ठेवलं तर कसं येतं, तसं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

ते भाकरीचा तुकडा हातात धरून बसले. “मग मी त्या दिवशी थांबायला पायजे होतं,” ते म्हणाले आणि जेवायला लागले. मीही म्हटलं, मी वायर ओढायला नको होती, हाक मारायला हवी होती. ते म्हणाले, हाक आयकू आली नसती. आणि तो विषय तिथेच संपला.

माझ्या पोलादपुरातल्या पुढच्या चार वर्षांत आमची पुन्हा कधी कुरबुर झाली नाही असं नाही. गणपतीत झाली, एकदा त्यांनी टेप घेतला तेव्हा झाली. पण दोघांनाही माहीत होतं की ती संध्याकाळपर्यंतची आहे.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एकाच एस.टी.ने परत निघालो. कर्णे आणि खांब टपावर चढवले, पण तबकड्यांची पेटी टपावर नको, उन्हाने वाकतात, म्हणून ती त्यांनी माझ्या मांडीवर दिली. कंडक्टरने विचारलं, हे सामान कुणाचं. मी म्हटलं, माझंच. महाडच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. पोलादपूरची गाडी लागेपर्यंत मी बाकड्यावर पेटी सांभाळत बसले आणि ते दोन कप चहा घेऊन आले. चहा भरपूर गोड होता. समोरच्या हॉटेलात रेडिओ लागला होता, आवाज फाटका येत होता. ते कान देऊन ऐकत होते. म्हणाले, स्पीकरचा कागद गेलाय, बदलायला पायजे, आणि चहा संपवून ते त्या हॉटेलवाल्याला तसं सांगायला उठले.